पायऱ्या मोजून झाल्या

अँटिगा,
दि. ९ मार्च २०२५

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही टोरांटोहून कॅरिबियन समुद्रातल्या या बेटावर सुखरूप पोहोचल्याचे फोनवर कळवलेच होते. त्या वेळी आईने विचारलेल्या "तिथे चढ किती आहे?" या प्रश्नाला मी बगल दिली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पुढच्या वर्षी तुमच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण होतील. तेव्हा तुम्हाला कॅनडाला बोलावून तेथून आठवडाभर येथे आणावे असा आमचा बेत आहे, आणि ते तुम्हाला झेपेल की नाही हे ठरवण्यासाठी या खेपेस मी सगळे तुमच्या डोळ्यांनी, खरे सांगायचे तर आईच्या गुडघ्यांनी, पाहत आहे.

चढ आहे. आमच्या खोलीपासून वाळूपर्यंत ११८ पायऱ्या आहेत. मी त्या दोनदा मोजल्या. गुहागरच्या आपल्या घरामागची पाखाडी डोळ्यांपुढे आणा. फरक इतकाच, की येथे पाखाडीच्या दोन्ही अंगांना सुट्या लाकडी खोल्या आहेत, आणि गुलबक्षी, लिंबोणी, मोरपंखी, अबोली अशा रंगांमुळे त्या समुद्रावरून पाहिल्या तर डोंगराच्या उतारावर कुणी लुगडी वाळत घातली असावीत अशा दिसतात. खिडक्यांना काचा नाहीत, लाकडी पट्ट्यांच्या झडपा आहेत. पूर्वेकडून जवळजवळ अखंड वाहणारा व्यापारी वारा त्यांतून आत येतो आणि पंखा लावावासा वाटत नाही. हे रंग केवळ पाहुण्यांना भुलवण्यासाठी असावेत असे मला वाटले होते, परंतु बागेत काम करणाऱ्या गृहस्थांनी सांगितले की खारी हवा लाकूड खाते, त्यामुळे रंगाचा हात वरचेवर द्यावाच लागतो, आणि द्यायचाच तर पांढरा कशाला? हा युक्तिवाद बाबांना पटेल असे वाटत नाही, कारण आपल्या पडवीचा राखाडी रंग माझ्या जन्मापासून तोच आहे.

व्हरांड्यातून पश्चिमेचा समुद्र दिसतो आणि हवा स्वच्छ असली की नैर्ऋत्येला माँटसेरात बेटाची निळसर आकृती दिसते. तेथील ज्वालामुखी जुलै १९९५ मध्ये जागा झाला आणि पुढील दोन वर्षांत प्लिमथ ही बेटाची राजधानी राखेखाली गेली. बरीच कुटुंबे तेव्हा अँटिगात आश्रयाला आली. चहाचा कप हातात घेऊन इतक्या निवांतपणे ते बेट पाहताना मला थोडे अवघडल्यासारखे होते.

आईला पाण्याबद्दल सांगायलाच हवे. या बेटावर बारमाही नदी नाही. वर्षाकाठी पाऊस हजार-अकराशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या गुहागरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, आणि तोही लहरी. त्यामुळे घराघरांच्या छपरांवरचे पाणी पन्हळींतून टाक्यांत साठवतात आणि नळाला येणारे बरेचसे पाणी समुद्राचे खारेपण काढून केलेले असते. परवा सकाळी नळ दोन तास कोरडा होता. शेजारच्या खोलीतील पाहुण्यांनी मोठा आरडाओरडा केला. मी मात्र आदल्या रात्रीच बादली भरून ठेवली होती. साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या कोकणातल्या मुलीला हे शिकवावे लागत नाही.

जेवणाची चिंता नसावी. भेंडी घालून घोटलेली मक्याच्या पिठाची उकड येथे रोजची, तिला फंजी म्हणतात. डुकाना नावाचा पदार्थ तर आईने पाहताच ओळखला असता: रताळ्याचा कीस, ओले खोबरे, साखर आणि थोडे पीठ एकत्र करून केळीच्या पानात गुंडाळायचे आणि उकडायचे. म्हणजे आपले पातोळेच, फक्त हळदीच्या पानाचा वास नाही. हे लोक त्याबरोबर खारवलेला मासा खातात; आपल्याला तो वगळून मागता येतो. एक ताकीद मात्र आत्ताच देऊन ठेवते. आई, वाटेत पडलेले फळ उचलून हुंगण्याची तुझी सवय येथे चालणार नाही. किनाऱ्यावर मँचिनील नावाचे झाड असते, त्याचे फळ लहानशा हिरव्या सफरचंदासारखे दिसते, परंतु ते विषारी आहे आणि झाडाच्या चिकाने कातडीवर फोड येतात. पावसात त्याखाली उभेही राहायचे नसते.

काल आम्ही बेट्टीज होप हा उसाचा जुना मळा पाहिला. दोन दगडी पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांपैकी एक दुरुस्त केलेली आहे. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या कष्टांवर हा सारा कारभार चालला. १ ऑगस्ट १८३४ रोजी येथील गुलाम मुक्त झाले, आणि शेजारच्या बहुतेक बेटांवर मालकांकडे आणखी काही वर्षे उमेदवारी करण्याची जी सक्ती झाली, ती येथे लादली गेली नाही. त्रिनिदाद-गयानात जसे आपल्या देशातले गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, मोठ्या संख्येने नेले, तसे येथे आले नाहीत. आम्हाला खोली दाखवणाऱ्या बाई याच मुलुखातल्या. त्यांची आजी तुमच्यासारखीच ऊन उतरल्यावर अंगणात बसते म्हणे.

बाबा, तुमच्यासाठी सेंट जॉन्सच्या जुन्या क्रिकेट मैदानावर मुद्दाम गेले. रिचर्ड्सने १९८६ मध्ये ५६ चेंडूंत शतक केले ते येथेच, लाराच्या ३७५ आणि नाबाद ४०० धावा याही येथल्याच, आणि २००६ मध्ये आपल्या मुंबईच्या वसीम जाफरने २१२ काढल्या त्याही. परंतु मला आठवली ती २००२ सालची मे महिन्यातली रात्र, जेव्हा जबडा मोडलेला कुंबळे डोक्याला पट्टी बांधून सलग १४ षटके टाकत होता आणि आईने दोनदा हाक मारूनही तुम्ही दूरदर्शनसंचासमोरून हलला नव्हता. लारा पायचीत झाला तेव्हा तुम्ही इतक्या मोठ्याने ओरडलात की मी झोपेतून उठून आले. त्या मैदानाच्या कठड्याशी मी थोडा वेळ नुसती उभी राहिले.

आता मुद्द्याचे. सर्वांत खालच्या ओळीत एक पिवळी खोली आहे, जिच्यापासून वाळूपर्यंत फक्त १४ पायऱ्या आहेत आणि दाराशी विजेवर चालणारी छोटी गाडी येते. तेथून माँटसेरात दिसत नाही, मध्ये टेकडीचा सुळका येतो. बाबा "वरचीच घ्या, आम्ही काय म्हातारे झालो?" असे म्हणणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून याचे उत्तर आईने स्वतः, बाबांना न विचारता, द्यावे. जूनपूर्वी कळवल्यास खोली राखून ठेवता येईल.

गुडघ्याचे तेल संपले असेल तर तेही कळवावे.

आपली लेक,
मुग्धा