किल्ला लहान करा, मावळे नीट रंगवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दसरा उलटला की सोसायट्यांच्या फलकांवर किल्ले स्पर्धेच्या सूचना लागतात आणि रस्त्याकडेला मावळ्यांचे ढीग पडतात. बक्षीस बहुतेक ठिकाणी आकारावर ठरते. विटा किती, माती किती पोती, कारंजे उडते का, दिवे लुकलुकतात का. परीक्षक चार पावलांवरून उभ्या उभ्या पाहतात, फोटो काढतात आणि पुढच्या इमारतीकडे वळतात. आमची सूचना आहे की परीक्षकांनी खाली बसावे, डोळे मावळ्याच्या पातळीवर आणावेत आणि हातभर अंतरावरून किल्ला पाहावा. तसा पाहिला तर दहा फुटी ढिगाऱ्यापेक्षा दोन फुटी फळीवरचा एक बुरूज सरस ठरू शकतो.

टेबलावर छोट्या शिपायांच्या लढाया खेळणारे, म्हणजे वॉरगेमवाले, हेच करत आले आहेत. प्रदर्शनासाठी ते एक फळी घेतात, तिच्यावर एकच प्रसंग उभा करतात आणि बोटाच्या पेराएवढा शिपाई मन लावून रंगवतात. आपल्याकडची असईची लढाई, मराठे आणि इंग्रज यांच्यात केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली, परदेशात अशा टेबलांवर आजही खेळली जाते. ज्या मुलखात ती झाली तिथल्या मुलांच्या हातात मात्र आपण एकाच साच्यातले, भडक तैलरंगात बुडवलेले मावळे देतो.

आधी प्रमाण. बाजारातला मावळा साधारण आठ सेंटीमीटरचा असतो. माणूस १६५ सेंटीमीटर धरला तर हे प्रमाण जवळपास १:२० झाले. रायगडाच्या महादरवाजाचे दोन बुरूज ७५ आणि ६५ फूट उंच सांगितले जातात. १:२० मध्ये त्यातला मोठा बुरूजच साडेतीन फुटांवर जातो. अख्खा गड तीन फुटांत बसवायचा आणि त्यावर आठ सेंटीमीटरचे मावळे उभे करायचे, म्हणून तर मावळा बुरुजापेक्षा उंच दिसतो. १:७२ प्रमाण घेतले की मावळा सव्वादोन सेंटीमीटरचा होतो आणि तेच बुरूज सुमारे ३२ आणि २७ सेंटीमीटरचे. दोन्ही बुरूज, त्यांच्या आड लपलेला दरवाजा आणि वर चढणारी वळणाची वाट ६० × ६० सेंटीमीटरच्या फळीवर मांडता येते. मात्र तीनशे मीटरचा कडा याच प्रमाणात चार मीटरच्या वर जाईल, तेव्हा पूर्ण गडाचा हट्ट सोडावा आणि एक कोपरा निवडावा. महाराजांची सिंहासनावरची मूर्ती मोठी असते ती भक्तीपोटी, तिला मोजपट्टी लावू नये. ती फळीबाहेर, वेगळ्या चौरंगावर ठेवावी.

फळी १२ मिलिमीटर प्लायवूडची घ्यावी आणि दोन्ही बाजूंना रंगाचा हात द्यावा. वरच्याच बाजूला ओला थर बसला तर सुकताना ती बाजू आकसते आणि फळी वाटीसारखी वळते. खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या तर उचलायलाही सोपे जाते.

डोंगरासाठी माती नको. जड होते, भेगा पडतात आणि दिवाळी संपली की सगळा गाळ कचऱ्यात जातो. थर्मोकोल चालतो, पण कापताना त्याचे दाणे घरभर उडतात आणि दगडाचा पोत त्यावर उमटत नाही. इन्सुलेशनसाठी मिळणारी गुलाबी किंवा निळी घट्ट फोमशीट, ५० मिलिमीटर जाडीची, सर्वांत बरी. दोन शीट पांढऱ्या फेविकॉलने पूर्ण माखून चिकटवल्या तर मधल्या भागाला हवा मिळत नाही आणि आठवड्याने उघडले तरी आत चीक ओलाच सापडतो. म्हणून फेविकॉलचे ठिपके कडेजवळ द्यावेत आणि मध्ये बांबूच्या काड्या खुपसून शीट जखडाव्यात. रबर सोल्यूशन किंवा स्प्रेचा रंग उघड्या फोमवर मारू नये, त्यातले द्रावक फोम खाऊन टाकते. तापलेल्या तारेने कापायचे असेल तर खिडकी उघडी हवी आणि शेजारी मोठे माणूस हवे.

सह्याद्रीचा कडा पाहिलेल्याला सांगायला नको की तो गुळगुळीत उतार नसतो. बेसाल्टचे थर आडवे, एकावर एक बसलेले असतात. थराच्या तोंडाशी सरळ तुटलेला कडा आणि दोन थरांच्या मध्ये गवताची पट्टी. फोमही तसाच वापरावा. शीटची कड कटरने सरळ न कापता हाताने मोडावी, मोडलेली बाजू बाहेर ठेवावी आणि वरचा थर दोनतीन सेंटीमीटर आत सरकवावा. ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा दाबून फिरवला की दगडाचा खरखरीतपणा येतो. रंगाच्या बाबतीत सगळे किल्ले एकाच जागी चुकतात. डोंगर चॉकलेटी रंगवतात. बेसाल्ट काळपट करडा असतो. काळ्यात थोडा बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, मिसळून पहिला हात, त्यात चमचाभर फेविकॉल म्हणजे फोमवर कवच बसते. वाळल्यावर मध्यम करड्याचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवणे, शेवटी फक्त कडांवर पिवळसर करडा.

तटाचे दगड बोथट बॉलपेनने फोमवरच कोरावेत. पाऊण हाताचा, म्हणजे सुमारे ३५ सेंटीमीटरचा दगड या प्रमाणात जेमतेम ५ मिलिमीटर होतो. एक सेंटीमीटरचे चौकोन पाडले की तट फरशी बसवलेल्या बाथरूमसारखा दिसतो. चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दगडी कंगोरे, पाकळीच्या आकाराच्या कापाव्यात. त्यांच्यामागे मावळा उभा करून पाहावा. डोके तेवढे दिसले पाहिजे.

जमिनीसाठी चहाच्या गाळणीतून चाळलेली माती दोन भाग, लाकडाचा भुसा एक भाग, फेविकॉल एक भाग, पाणी एक भाग, आणि त्यातच थोडा तपकिरी अ‍ॅक्रिलिक रंग. थर दोनतीन मिलिमीटरचाच, जाड थर सुकताना तडकतो. हळीव किंवा मोहरी पेरण्याची जुनी पद्धत मातीच्या ढिगावर छान दिसते, पण पाचव्या दिवशी तिचे कोंब तीन सेंटीमीटर होतात आणि मावळे अक्षरशः जंगलात हरवतात. इथे रंगवलेला बारीक भुसाच बरा. दिवाळीच्या सुमारास गडावरचे गवत पिवळे पडू लागलेले असते, म्हणून दोन भाग हिरव्यात एक भाग पिवळ्या मातकट भुशाची भेसळ करावी. वर एकास तीन प्रमाणात पाणी घातलेला फेविकॉल फवारावा, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून. साबण नसेल तर पाणी थेंब थेंब होऊन भुशावरून घरंगळते.

आता मावळे. १:७२ चे मऊ प्लॅस्टिकचे शिपाई मिळतात आणि थ्रीडी प्रिंट केलेले रेझिनचेही. मापाचे मातीचे मिळाले तर उत्तमच. प्लॅस्टिकला साच्याचा तेलकट थर असतो. कोमट पाण्यात साबणाने धुतला नाही तर रंग सालीसारखा निघून येतो. साच्याची शिवण ब्लेडच्या पाठीने खरवडावी, नाहीतर ड्रायब्रश करताना तीच रेघ सर्वांत आधी उठून दिसते. मऊ प्लॅस्टिकचे भाले वाकतात आणि वाकले की रंग तडकतो, म्हणून आधी पातळ फेविकॉलचा एक हात द्यावा. माती आणि प्लास्टर पाणी शोषतात. कुंचला टेकताच रंग जागीच सुकतो आणि फराटे राहतात, त्यांनाही हाच फेविकॉलचा हात उपयोगी पडतो. रेझिन घासायचे तर ओले करून आणि तोंडाला मास्क बांधून. शिशाचे शिपाई लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.

पोस्टर कलर वापरू नका. सुकल्यावरही तो पाण्याने विरघळतो, त्यामुळे दुसरा हात देताच पहिला उठून येतो. अ‍ॅक्रिलिकच घ्यावा.

रंगाआधी प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा पहिला थर. त्याचा स्प्रेचा डबा दोन मिनिटे हलवावा, वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून, थांबत थांबत मारावा. फार लांबून मारला तर रंग हवेतच सुकतो आणि शिपायाच्या अंगावर रवा सांडल्यासारखे दिसते. मुंबई-कोकणात सकाळच्या दमट हवेत प्रायमर आणि मॅट वार्निश दोन्हींवर पांढरट धुके धरते, तिथे दुपारची उन्हाची वेळ पाहावी किंवा सरळ कुंचल्याने लावायचा प्रायमर आणावा. आमची पसंती अशी: आधी सगळीकडून काळा, मग फक्त वरून तिरका पांढरा. ऊन कुठे पडते, सावली कुठे राहते ते आयतेच समजते.

दहा दहा शिपाई एकदम घ्यावेत, प्रत्येकी बाटलीच्या बुचावर दुहेरी टेपने चिकटवलेले. धरायचे बूच, शिपाई नव्हे. बोटांचा घाम लागला की रंग खांद्यावरून आधी उडतो. कुंचला एक नंबरचा गोल, चांगल्या टोकाचा. तीन शून्यांचा बारीक कुंचला घेण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण त्यावर रंग इतका थोडा राहतो की शिपायापर्यंत नेईतो सुकतो. रंगात तितकेच पाणी मिसळून दुधाएवढा पातळ करावा आणि दोन हात द्यावेत. डब्यात ओला टिश्यू घालून वर बटर पेपर ठेवला तर त्यावर मिसळलेला रंग तासन्‌तास ओला राहतो.

क्रम आतून बाहेर: आधी त्वचा, मग कपडे, मग पट्टे आणि शेला, शेवटी धातू. त्वचेला बर्न्ट सिएनात, म्हणजे तांबूस तपकिरीत, पिवळी माती (यलो ऑकर) आणि पांढऱ्याचा ठिपका. डोळे काढू नयेत. या मापात डोळा काढला की मावळा भूत पाहिल्यासारखा दिसतो. भुवयांखाली गडद सावली पुरते. पांढरा अंगरखा पांढऱ्याने सुरू केला तर तो खडूसारखा सपाट राहतो. आधी उबदार करडा, घड्यांत तोच राखून वर मळका पांढरा, आणि शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर नि बाहीच्या कडेला. सगळ्यांना भगवे फेटे नकोत. सगळ्या फौजेचा एकच ठरलेला गणवेश नव्हता, तेव्हा कोऱ्या सुताचा, मंजिष्ठेचा तांबडा, निळीचा आणि हळदीचा असे चार रंग आलटून पालटून वापरावेत, शेजारच्या दोघांचे जुळणार नाहीत असे.

रंगकाम वाळले की वॉश, म्हणजे खोलगट जागी सावली आणणारा पातळ रंग: एक भाग बर्न्ट अंबरला आठ-दहा भाग पाणी आणि पुन्हा साबणाचा तो थेंब. तो घड्यांत उतरतो. ढालीसारख्या सपाट जागी मात्र त्याचे डबके होते आणि सुकल्यावर कडेला चहाच्या कपासारखे वर्तुळ उरते. ओलसर कुंचल्याने ते लगेच टिपावे. अर्धवट सुकलेल्या वॉशला हात लावू नये, त्याचे पापुद्रे निघतात. ड्रायब्रशसाठी जुना चपटा कुंचला कागदावर पुसत राहावा, फराटे उमटेनासे झाले की मग दगडावर, केसांवर, घोंगडीवर फिरवावा. चेहऱ्यावर कधीही नाही, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. शेवटी मॅट वार्निशचे दोन पातळ हात. चकचकीत वार्निशने सगळी मेहनत खेळण्यात जमा होते.

शिपायाच्या पायाखालच्या चकतीवर फळीवरचेच मिश्रण, तोच भुसा लावावा. चकती वेगळी दिसली तर तो कॅरमच्या सोंगटीवर उभा आहे असे वाटते. मांडताना बुद्धिबळासारख्या रांगा नकोत. तिघे दरवाजाशी, दोघे वाटेच्या वळणावर, एक बुरुजावर टेहळणी करणारा, आणि सगळ्यांची नजर एकाच दिशेला. फळीची पुढची कड खुली, उंच भाग मागे. टेबल मुलांच्या छातीएवढे उंच असावे. फळीच्या चारही कडा काळ्या रंगवल्या की चित्र चौकटीत बसते.

आयोजकांनी गुण असे वाटून पाहावेत: प्रमाण २५, कडा आणि बांधकाम २५, मावळ्यांचे रंगकाम २५, वास्तूचा अभ्यास १५, पुढच्या वर्षी वापरता येईल अशी बांधणी १०. कारंज्याला शून्य. शेवटच्या दहा गुणांसाठी शिपाई चकतीखाली लोखंडी वॉशर चिकटवून आणि फळीत चुंबक पुरून बसवावेत. दिवाळीनंतर ते सुटे होतात, डब्यात जातात, फळी माळ्यावर.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. त्यांतल्या एकेका दरवाजाची फळी एकेका घराने केली तर एका इमारतीच्या वाहनतळात सगळे मांडता येतील. त्यासाठी यंदाच्या पत्रकात ‘६० × ६० सेंटीमीटर’ असा एक वेगळा गट टाकावा आणि पत्रक दिवाळीच्या आठ दिवस आधी नव्हे, नवरात्रातच लावावे, कारण वीस मावळे रंगवायला मुलांना निदान पाच-सहा संध्याकाळी लागतात आणि वार्निश वाळायला एक दुपार.

आपले नम्र,
छोटे शिपाई रंगवणारे काही वाचक, ठाणे