फासे वाढवू नका, स्पेलची किंमत उतरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या, फासे टाकून कथेतली पात्रे खेळवायच्या खेळांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. सांगली-मिरजेत सुट्टीच्या दिवशी टेबल मांडून बसणाऱ्या पोरांची दखल घेतली गेली, बरे वाटले. पण ‘एखादा स्पेल (पात्राची जादू) कुचकामी वाटला तर त्याला एक फासा जादा द्या’ हा त्यातला सल्ला पटला नाही. या खेळाच्या २०१४ च्या नियमपुस्तकातले बहुतेक पडेल स्पेल फासे कमी म्हणून पडेल नाहीत, ते महाग आहेत. कुणी अख्खी ॲक्शन (आपल्या टर्नमधली, म्हणजे पाळीतली, मुख्य कृती) खातो, कुणी कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच स्पेलवर ठेवता येणारे लक्ष) अडवून बसतो, कुणाचा नेम चुकला की स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी, लहान-मोठ्या पातळीची) गेला. दुरुस्ती तिथे हवी.

‘ट्रू स्ट्राइक’ घ्या. या कॅन्ट्रिपला (स्लॉट न लागणाऱ्या साध्या स्पेलला) एक ॲक्शन जाते, वर कॉन्सन्ट्रेशन लागते. मिळते काय, तर पुढच्या टर्नला पहिल्या वारावर ॲडव्हांटेज, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. वार लागण्याची शक्यता ६० टक्के धरा. दोन टर्न सरळ तलवार चालवली तर सरासरी १.२ वार लागतात. ट्रू स्ट्राइकवाल्याला एकच वार मिळतो आणि तो लागण्याची शक्यता ८४ टक्के. ६० च्या जागी दुसरा कुठलाही आकडा घालून पाहा, दोन वारांचेच पारडे जड राहते. मोठा स्लॉट खर्चून एकच नेम साधायचा असेल तेवढ्यापुरता त्याचा उपयोग.

यावर बरेच डीएम (खेळ चालवणारे) ‘बोनस ॲक्शन (मुख्य ॲक्शनखेरीजची छोटी कृती) करून टाका’ म्हणतात. तिथे दुसरा घोळ होतो. कॅन्ट्रिपला स्लॉट लागत नाही, त्यामुळे खेळाडू तो दर टर्नला वापरतो आणि ॲडव्हांटेज कायमचे होऊन बसते. जादू येणाऱ्या ‘रोग’ला (चोरट्या पात्राला) तर स्नीक अटॅकसाठी (जादा नुकसानाच्या वारासाठी) ना लपावे लागते, ना जोडीदाराची वाट पाहावी लागते. बोनस ॲक्शन द्यायचीच असेल तर लाँग रेस्टमागे (मोठ्या विश्रांतीमागे) प्रोफिशियन्सी बोनसइतक्याच (लेव्हलबरोबर वाढणाऱ्या पात्राच्या आकड्याइतक्याच) वेळा द्या. त्याहून सरळ उपाय २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात आहे: त्याच ॲक्शनमध्ये हत्याराचा एक वार, तोही स्पेलकास्टिंगच्या (जादू करण्याच्या) क्षमतेवर, आणि पात्राच्या पाचव्या लेव्हलपासून ६ चा एक जादा फासा. माझे मत याच बाजूने.

‘विच बोल्ट’चे दुखणे जास्त गुंतागुंतीचे. पहिला वार १२ च्या एका फाशाचा (बारा बाजूंचा फासा, पडेल तेवढे नुकसान), पुढे दर टर्नला ॲक्शन खर्चून तेवढेच नुकसान, नेम न धरता. ऐकायला छान आहे. पण पल्ला ३० फूट, आणि बहुतेक शत्रू एका टर्नमध्ये ३० फूट चालतात. तो दोन पावले मागे सरकला की स्पेल तुटला. भिंतीआड गेला तरी तुटला. पाचव्या लेव्हलला ‘फायर बोल्ट’ हा कॅन्ट्रिप १० चे दोन फासे टाकतो, सरासरी ११; ६० टक्के नेम धरला तरी टर्नमागे ६.६ पडतात, तेही फुकट. विच बोल्टचे चालू नुकसान सरासरी ६.५, आणि त्यासाठी स्लॉट गेलेला असतो.

पल्ला ६० फूट करा आणि चालू नुकसान बोनस ॲक्शनवर न्या, एवढ्याने स्पेल उभा राहतो. (२०२४ च्या पुस्तकाने हेच केले, वर पहिल्या वाराला दोन फासे दिले.) मात्र मोठ्या स्लॉटचे जादा फासे चालू नुकसानालाही लावायचा मोह आवरा. पाचव्या पातळीच्या स्लॉटवर मग दर टर्नला १२ चे पाच फासे, सरासरी ३२.५, आणि ॲक्शन मोकळी असल्याने त्याच टर्नला फायरबॉलसारखा मोठा स्पेलही. एक मिनिट, म्हणजे दहा राउंड हे चालले तर डीएमने राक्षस कुठून आणायचे? स्लॉटच्या दर दोन पातळ्यांमागे एक फासा, म्हणजे तिसऱ्यावर दोन, पाचव्यावर तीन, इथे थांबावे.

‘क्युअर वुंड्स’ हा जखमा भरणारा स्पेल अपवाद. तिथे खरोखरच फासा कमी होता. २०२४ मध्ये ८ च्या एका फाशाचे दोन झाले ते योग्यच.

‘फाइंड ट्रॅप्स’ला तर फाशाचा संबंधच नाही. दुसऱ्या पातळीचा स्लॉट देऊन १२० फुटांत नजरेच्या टप्प्यात सापळा आहे आणि धोका साधारण कसला एवढे कळते, कुठे ते नाही. अजिंक्यतारा किंवा सज्जनगड डोळ्यांपुढे ठेवून नकाशा काढणाऱ्या डीएमच्या टेबलावर खेळाडू महादरवाजात उभे असतात. तिथे सापळा असणार हे त्यांना स्पेलवाचूनही ठाऊक असते. या स्पेलने दिशा आणि अंदाजे अंतर सांगावे आणि तो रिच्युअल म्हणूनही करू द्यावा, म्हणजे स्लॉटऐवजी दहा मिनिटे जादा. पण ती दहा मिनिटे खरीच जाऊ द्या: मशाल जळते, पहारा फिरतो. नाहीतर पोरे दर दाराशी बैठक मारतात. कच्ची जमीन, ढासळते छत स्पेलला कळत नाही, ही मूळ अट तशीच ठेवा.

वरचे बदलही एकदम करू नका; एका वेळी एका स्पेलची एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर बिघडले कशाने ते कळत नाही. नियम कागदावर लिहून सगळ्यांपुढे ठेवा, शत्रूच्या जादूगारालाही तोच लावा, आणि बदल मागे घेतलात तर त्या खेळाडूला दुसरा स्पेल निवडू द्या.

नवे पुस्तक विकत घेणे परवडत नसेल तर अडत नाही. ट्रू स्ट्राइक आणि क्युअर वुंड्सचा नवा मजकूर एप्रिल २०२५ पासून खेळाच्या कंपनीच्याच मोफत नियमसंचात मिळतो. विच बोल्ट त्यात नाही, त्याची दुरुस्ती वरच्याप्रमाणे हातानेच करावी लागेल.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली