वेम्बली भरते, पण चाहता दुरावतो आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटिश बॉक्सिंगला सुगीचे दिवस आल्याचा सूर आपल्या क्रीडा पानावरच्या लेखात होता. त्यासाठी दिलेले गर्दीचे आकडे बरोबरच आहेत. २१ सप्टेंबर २०२४ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर अँथनी जोशुआ आणि डॅनियल ड्युब्वा यांची लढत पाहायला ९६ हजार लोक आले होते. एप्रिल २०२५ मध्ये ख्रिस युबँक ज्युनियर आणि कॉनर बेन यांच्या लढतीला टॉटनहॅमच्या मैदानावर ६७ हजारांच्या आसपास गर्दी झाली. मी पूर्व लंडनमध्ये राहतो, हा खेळ मनापासून पाहतो आणि मला चित्र वेगळे दिसते. पैसा वाढला, मैदाने भरली, पण सामान्य चाहत्याच्या हातून खेळ निसटत चालला आहे. त्याच्यापुरते बोलायचे तर ब्रिटिश बॉक्सिंगला उतरती कळा लागली आहे.

जून १९८५ मध्ये बॅरी मॅग्विगनने लॉफ्टस रोडवर युसेबिओ पेद्रोझाला हरवले, ती लढत बीबीसीवर होती. जवळपास दोन कोटी लोकांनी ती घरबसल्या पाहिली. ऑक्टोबर १९९३ मध्ये कॉनरचे वडील नायजेल बेन आणि थोरला ख्रिस युबँक ओल्ड ट्रॅफर्डवर दुसऱ्यांदा भिडले, तेव्हा आयटीव्हीसमोर दीड कोटीहून जास्त प्रेक्षक होते. त्या लढतीसाठी कोणालाही वेगळे पैसे मोजावे लागले नव्हते. मार्च १९९६ मध्ये फ्रँक ब्रुनो आणि माइक टायसन यांची लढत स्काय या सशुल्क वाहिनीने जादा पैसे घेऊन दाखवली आणि तेव्हापासून मोठ्या लढती एकेक करून फुकटच्या वाहिन्यांवरून गेल्या. लढती भरवणारी मॅचरूम कंपनी २०२१ मध्ये स्काय सोडून डॅझोन या इंटरनेटवरच्या सशुल्क सेवेवर गेली, २०२५ मध्ये तिची प्रतिस्पर्धी क्वीन्सबरीही डॅझोनवर गेली. आता महिन्याची वर्गणी भरायची आणि मोठी लढत आली की वर वीस-पंचवीस पौंड आणखी. माझ्या ऑफिसातल्या पंचविशीच्या मुलांना माजी हेवीवेट जगज्जेत्या टायसन फ्युरीचे नाव ठाऊक आहे, पण त्याची एक लढत पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत पाहिलेला त्यांच्यात कोणी नाही. मोबाइलवर त्यांना अर्ध्या मिनिटाचा नॉकआऊट दिसतो. आठव्या फेरीत पाय जड झालेला बॉक्सर दोरांना टेकून दम कसा खातो आणि नवव्या फेरीत पुन्हा उभा कसा राहतो, हे त्यांनी पाहिलेलेच नाही. ते न पाहता या खेळाचे वेड लागणार कसे?

चाहता तयार होण्याची दुसरी जागा म्हणजे छोटे हॉल. बेथनल ग्रीनचा यॉर्क हॉल १९२९ सालचा, जेमतेम बाराशे माणसे मावतील एवढा. वरची गॅलरी रिंगच्या इतकी जवळ, की बरगडीवर बसलेल्या ठोशाचा आवाज आणि ग्लोव्हवर अडवलेल्या ठोशाचा आवाज यांतला फरक कानाला कळू लागतो. इथे नवखा बॉक्सर आपली तिकिटे आपणच विकतो. शाळासोबती, कामावरचे मित्र, काका, मामा, जिमशेजारचा न्हावी, सगळ्यांच्या गळी उतरवतो. समोरच्या बॉक्सरचे मानधन बहुधा त्याच पैशातून निघते, तिकिटे खपली नाहीत तर लढतच रद्द होते. समोर उभा असतो तो अनेकदा जर्नीमन, म्हणजे गावोगाव जाऊन नव्या पोरांशी लढणारा मुरलेला गडी. बर्मिंगहॅमचा पीटर बकली अशा ३०० लढती लढला, त्यांतल्या २५६ हरला आणि २००८ मध्ये थांबला. पुढे जगज्जेता झालेला नसीम हमीदही उमेदवारीच्या काळात त्याच्याशी लढला होता. अशा माणसांनी ब्रिटिश बॉक्सिंग उभे केले आहे, त्यांच्याबद्दल आदराने लिहिले गेले पाहिजे.

ज्याने बॉक्सरच्या हातून पहिले तिकीट घेतले, तो दहा वर्षे त्याची साथ सोडत नाही. बॉक्सर रिकी हॅटनच्या मँचेस्टरच्या चाहत्यांची फौज अशीच वाढली. जून २००५ मध्ये त्याने जगज्जेत्या कोस्त्या झूला हरवले तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. वेळ अमेरिकी वाहिनीच्या सोयीची होती, पण लढत त्याच्या गावात होती आणि २२ हजार लोक जागे राहिले. डिसेंबर २००७ मध्ये तो फ्लॉइड मेवेदरशी लढायला लास व्हेगासला गेला, तर सुमारे ३० हजार ब्रिटिश त्याच्यामागे गेले. त्यांतल्या निम्म्या लोकांनाही आत जागा मिळण्यासारखी नव्हती. हॅटन हरला, तरी माणसे तुटली नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा मँचेस्टरच्या रस्त्यांवर दुतर्फा लोक उभे होते.

आता हेच पाहा. १ जून २०२४ रोजी मॅचरूम आणि क्वीन्सबरी यांनी आपापले पाच बॉक्सर एकमेकांसमोर उतरवले. दोन्ही कंपन्या इंग्लंडच्या, त्यांच्यातले वैर इंग्लंडमधले, आणि लढती झाल्या रियाधमध्ये. लिव्हरपूलचा निक बॉल त्या रात्री फेदरवेट वजनी गटाचा जगज्जेता झाला. त्याची तिकिटे विकत घेऊन ज्यांनी त्याला इथवर आणले, त्यांतल्या किती जणांना विमानाचे भाडे परवडले असेल? फ्युरी आणि युक्रेनचा ओलेक्झांडर उसिक यांच्या दोन्ही लढतीही तिथेच. सौदी पैशामुळेच ही जोडी जुळली आणि १९९९ मधल्या लेनॉक्स लुईसनंतर पहिल्यांदा हेवीवेटचे सगळे मोठे बेल्ट, म्हणजे जगज्जेतेपदाचे पट्टे, एकाच्या कमरेला बांधले गेले, हे मला मान्य आहे. बॉक्सरची कारकीर्द छोटी, डोक्याला मार मोठा, त्याने मिळेल तेवढे कमवावे. माझी तक्रार त्याच्याविरुद्ध नाही. लढत कुठे व्हावी हे ठरवताना चाहत्याचा विचार करणारे टेबलाशी कोणीच नसते, ही तक्रार आहे.

चाहत्यांना हव्या असलेल्या लढती वर्षानुवर्षे लांबतात, हा आणखी एक जाच. कार्ल फ्रॉच आणि जॉर्ज ग्रोव्ह्स यांची पहिली लढत नोव्हेंबर २०१३ मध्ये वादात संपली, सुमारे सहा महिन्यांत दुसरी झाली आणि वेम्बलीवर ८० हजार लोक आले. उलट आमीर खान आणि केल ब्रुक यांच्या लढतीची चर्चा वर्षानुवर्षे चालली आणि ती झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये, दोघेही पस्तिशीत असताना. त्यानंतर दोघांनीही निवृत्ती घेतली. फ्युरी-जोशुआ लढत ऑगस्ट २०२१ साठी ठरल्याचे जाहीर झाले होते. तीही व्हायची होती सौदीत आणि लवादाच्या एका निकालाने मोडली. ऐन भरातले हे दोन हेवीवेट चाहत्यांना समोरासमोर पाहायला मिळालेच नाहीत. त्यांना मिळाली ती बेन आणि युबँक यांच्या मुलांची लढत, वडिलांच्या नावावर विकलेली. मुले जीव तोडून लढली, त्यांना पूर्ण गुण. पण दोन्ही कुटुंबांची मूळ लढत ब्रिटनने घरी फुकट पाहिली होती, हे विसरता येत नाही.

निकालांबद्दलही थोडे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्लासगोत जॉश टेलरला जॅक कॅटरॉलवर विजयी ठरवले गेले, तेव्हा टेलरच्या गावकऱ्यांनाही ते पटवून घेणे जड गेले असेल. ब्रिटिश बॉक्सिंगचे नियमन करणाऱ्या बोर्डाने नंतर गुण देणाऱ्या एका पंचाची श्रेणी खाली आणली. निकाल मात्र तसाच राहिला आणि कॅटरॉलला दुसऱ्या संधीसाठी मे २०२४ पर्यंत थांबावे लागले.

याचे परिणाम तळाशीही दिसतात का, हा प्रश्न मला सतावतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला बॉक्सिंगची सहा पदके होती, पॅरिसमध्ये एकच, तेही कांस्य. एका स्पर्धेवरून निष्कर्ष काढू नये हे खरे, पण घरात लढत न पाहिलेली मुले क्लबची पायरी चढतील का, याची काळजी वाटते. याच देशाची शिडी इतकी भक्कम होती की आपल्या विजेंदर सिंगने २०१५ मध्ये व्यावसायिक पदार्पणासाठी मँचेस्टर निवडले आणि वर्षअखेरीपर्यंत त्याच्या तीन लढती झाल्याही.

एक चांगली गोष्ट घडली आहे. २०२५ च्या अखेरीस बीबीसीवर व्यावसायिक बॉक्सिंग परतले आणि डर्बीतल्या पहिल्याच कार्यक्रमात ब्रिटिश हेवीवेट किताबाची लढत होती. फ्रेझर क्लार्क आणि जीमी टीकेव्ही ही नावे फ्युरी-जोशुआएवढी मोठी नाहीत, पण १९०९ पासून ब्रिटिश विजेत्याला मिळत आलेल्या लॉन्सडेल बेल्टसाठी दोघे लढले आणि ते कोणालाही फुकट पाहता आले. अशा कार्यक्रमांचीच वाट मी पाहत होतो.

आपल्या क्रीडा प्रतिनिधींना एक विनंती आहे. पुढच्या वेळी ब्रिटिश लढतीची बातमी देताना गर्दीच्या आकड्याशेजारी दोन गोष्टी जरूर छापाव्यात: लढत कोणत्या शहरात झाली आणि ती घरी पाहायला किती पैसे पडले.

आपला,
एक वाचक, पूर्व लंडन