रविवारची बैठक : डिस्लेक्सिया, परीक्षेतल्या सवलती आणि घरचं वाचन

सदस्यांनो, नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या खोलीत बैठक आहे. पालकांबरोबर या वेळी डिस्लेक्सिया (वाचन-लेखनात येणारी कायमची अडचण) असलेले प्रौढ सदस्यही बोलतील. शाळा सुटली म्हणून डिस्लेक्सिया सुटत नाही, तेव्हा त्यांचं ऐकायलाच हवं.

• तपासणी अहवालाची प्रत आणा, मूळ कागद घरीच ठेवा. जादा वेळ, लेखनिक किंवा प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती हवी असेल तर अर्ज परीक्षेच्या तोंडावर करून भागत नाही.

• मूल जिथे अडखळतं असे काही शब्द लिहून आणा. अडचण बहुधा शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडण्यात असते, नजरेत नव्हे. म्हणून रंगीत चष्म्यांच्या जाहिराती कृपया गटावर टाकू नका. (हो, पुन्हा सांगतोय!)

• मुलांना जरूर आणा. मात्र कुणालाही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावायचं नाही.

ही सूचना वाचायला जड जात असेल तर हाच मजकूर रेकॉर्ड करूनही टाकला आहे. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा. व्हॉइस मेसेज चालेल.