लिंकन पोस्टमास्तर

प्रिय अविनाश,

तुझे अण्णा ओसरीवर बसून गावचं पोस्ट चालवायचे, म्हणून हे तुलाच लिहितोय. परवा इलिनॉयमधलं न्यू सेलम पाहिलं. सँगमन नदीकाठच्या टेकडीवरची लाकडी घरांची इवलीशी वस्ती. १८२९ च्या नाताळात तिथे पोस्ट सुरू झालं आणि ७ मे १८३३ ला पोस्टमास्तर झाला २४ वर्षांचा अब्राहम लिंकन! राष्ट्राध्यक्ष होते जॅक्सन, म्हणजे विरोधी गटाचे. पण हे पद इतकं किरकोळ होतं की राजकारण आड आलं नाही, असं लिंकनने पुढे स्वतःच लिहिलंय.

सगळा कारभार दुकानातून चाले. टपाल आठवड्यातून एकदा यायचं. तिकिटं आली १८४७ मध्ये, त्याआधी पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाराच भरायचा. एका कागदाला ३० मैलांपर्यंत ६ सेंट, ४०० मैलांपलीकडे २५. दुसरा कागद जोडला की दुप्पट, म्हणून पाकीटही नाही. पत्राचीच घडी घालून वर पत्ता लिहायचा. विचार कर, दूरच्या आईचं पत्र आलंय आणि सोडवून घ्यायला पैसे नाहीत. हे वाचून मला चटका बसला.

लिंकन जमीनमोजणीलाही जायचा, तेव्हा वाटेवरच्या घरांची पत्रं टोपीत घालून न्यायचा, असं सांगतात. त्याच्यामागे पोस्ट उघडंच! १८३५ मध्ये मॅथ्यू मार्श नावाच्या गावकऱ्याने पत्रात लिहिलंय की अर्ध्या वेळा तिथे कुणीच नसतं, मी आपला जाऊन माझे कागद घेऊन येतो. पोस्टमास्तरांना स्वतःची पत्रं फुकट धाडता येत. त्या सवलतीत लिंकनने मार्शचं हेच पत्र पाठवून दिलं. नियमात न बसणारं, पण मला तो माणूस तिथेच आवडला.

३० मे १८३६ ला पोस्ट बंद होऊन जवळच्या पीटर्सबर्ग गावी गेलं, आणि चार वर्षांत गावही ओस पडलं. सरकारी माणूस नंतर पोस्टाची बाकी रक्कम मागायला आला, तेव्हा लिंकनने लोकांकडून घेतलेली, मोज्यात जपलेली तीच नाणी काढून दिली, अशी गोष्ट सांगतात. मला त्याहून मोलाची वाटते ती जुलै १८३४ ची त्याची चिठ्ठी. जॉर्ज स्पिअर्सने वर्तमानपत्राच्या टपालखर्चाची पावती मागितली होती. लिंकन लिहितो : कायद्याने हे पैसे आगाऊ घ्यायचे असतात, मी वर्षभर थांबलो, आणि आता पावती मागून तुम्ही माझं मन दुखावता! पावती मात्र सोबत जोडलेली.

अण्णांना हे वाचून दाखव.

तुझा,
मिलिंद