मा. वनमंत्री यांस : आमच्या गडाच्या बंदीबद्दल

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

मी गडाच्या पायथ्याला राहतो. पावसाळ्यात पिठलं-भाकरी विकतो, कुणी म्हटलं तर वाटाड्या म्हणून वर जातो. गेल्या शनिवारी पहाटे तीनपासून बायकोने शंभरावर भाकऱ्या थापल्या. सातला नाक्यावर कलम 163 चा, म्हणजे मनाई आदेशाचा, कागद चिकटला. गड बंद! आदेश आदल्या दिवशीच निघालेला. आम्हाला सांगायचं कुणाला सुचलं नाही. भाकऱ्या गुरांनी खाल्ल्या.

बंदी का, ते कळतं. जून 2024 मध्ये भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच घरातले पाच जण वाहून गेले. 2025 मध्ये तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल पडला, चार गेले. तिथे धोक्याचा फलक होता की. कोण थांबलं?

इथेही कोणी थांबलं नाही. नाक्यावर दोन गार्ड बघून पोरं मागच्या नाळेने, कड्यातल्या अरुंद घळीने, चढली. तिथे नुसतं शेवाळ. दुपारी एकाचा पाय मोडला. दोन बांबूंना घोंगडी बांधून त्याला खाली आणला तो मी, पुतण्याने आणि दोघा शेजाऱ्यांनी. साडेतीन तास लागले. माझा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. त्यावर बक्षीस काय, तर चौकीत दोनदा जबाब : "वाट तुम्हीच दाखवली ना?"

मागच्या ग्रामसभेत तुमच्याच खात्याचे साहेब बोलून गेले होते, उपद्रव शुल्क (गडावर येणाऱ्यांकडून घेतात ते) गावातच खर्च होईल, नाळेला दोर लागेल, माणसं मोजून सोडू. माणशी पन्नास रुपये. रविवारी पाच हजार माणूस तरी येतं (मोजलंय कोणी? गाड्या बघून सांगतो), म्हणजे दिवसाला अडीच लाख. त्यातून एक शौचालय झालं. त्याला कुलूप. फटीतून बघितलं तर आत बंदीचेच जुने बोर्ड.

2025 मध्ये युनेस्कोने बारा किल्ले जागतिक वारसा ठरवले, त्यातले अकरा आपले. फ्लेक्स लागले, फोटो झाले. आमचा गड त्यात नाही, सुटला बिचारा. इथे रिसॉर्टवाल्याला डोंगर कापायला परवानगी मिळते आणि माझ्या आईला सरपणाच्या मोळीवरून दंड होतो. मंत्री येणार म्हटलं की रस्ता एका रात्रीत होतो, तेव्हा पाऊसही आड येत नाही.

साहेब, सरसकट बंद करू नका. मोजून सोडा, दहानंतर वर कुणी नको, नाक्यावर गावची पोरं बसवा. रेड अलर्ट असेल त्या दिवशी साखळी आम्हीच लावू. आणि त्या शौचालयाची किल्ली कोणाकडे आहे, तेवढं कळवा. बायामाणसं अजून झुडपाआड जातात.

आपला,
पायथ्याचा एक भाकरीवाला