हंगाम म्हणतात तो हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२४च्या ३० मेला मी पहाटे उठून मोबाइलवर एक सामना पाहिला. बाहेर अजून अंधार होता. आमचा दूधवाला येऊन गेला त्याच सुमारास मिनेसोटानं पहिला गोल केला आणि घाईत मी दूध तसंच ओट्यावर ठेवून आले. अमेरिका आणि कॅनडातल्या सहा संघांच्या ‘प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीग’ या महिला आइस हॉकी लीगची ती पहिल्याच हंगामाची पाचवी आणि निर्णायक अंतिम लढत होती. बोस्टनच्या संघाचं अंगण असलेल्या लोवेल गावात मिनेसोटानं ती ३-० अशी जिंकली.

दुसऱ्या दिवशी आपलं क्रीडापान टेंडर नोटिशींसकट वाचलं. तिसऱ्या दिवशीही वाचलं. एक ओळ नाही. निवडणुकीचे निकाल तोंडावर होते, मान्य. पण ट्वेंटी-२० विश्वचषकासाठी न्यूयॉर्कला जी खेळपट्टी टाकली, तिचं गवत फ्लोरिडात कसं वाढवलं आणि ट्रकमधून कसं आणलं, याला भरपूर जागा मिळाली होती. गवताबद्दल माझी तक्रार नाही. मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत खेळाची बाई होते, मैदानाची किंमत मला कळते. पण त्याच देशात त्याच आठवड्यात मुलींनी एक करंडक उचलला होता. तो सांगायला कुणी नाही, म्हणून हे पत्र.

माझी लेक टोरोंटोला असते. तिचं दुसरं बाळंतपण होतं म्हणून मी डिसेंबरात गेले आणि मे महिना उतरता उतरता परतले. माझं आयुष्य खो-खोत गेलं. बर्फावर मी चालूही शकत नाही; पहिल्याच आठवड्यात दारातल्या पायरीवर बसकण मारली. हॉकी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हिरवं मैदान. तिथे नुसतं हॉकी म्हटलं की बर्फच, आपल्या खेळाला ते ‘फील्ड’ लावून सांगतात. थोरली नात दहा वर्षांची आहे, ती हा खेळ खेळते, म्हणून घरात टीव्ही कायम त्यावरच.

पहिला सामना १ जानेवारीला टोरोंटोतच झाला. न्यूयॉर्कनं टोरोंटोला ४-० असं लोळवलं. पहिला गोल एला शेल्टनचा. तो आम्ही घरी बसून पाहिला, कारण तिकिटं कधीच संपली होती. संपणारच. टोरोंटोच्या मुलींना घरचं मैदान दिलं होतं ते जेमतेम अडीच हजार माणसांचं. ही जागा मात्र बघण्यासारखी आहे. जुनं मेपल लीफ गार्डन्स. पुरुषांचा प्रसिद्ध संघ पूर्वी तिथे खेळायचा. आता तळमजल्यावर मोठं किराणा दुकान आणि त्याच्या डोक्यावर बर्फाचं मैदान! जुन्या मैदानाचा मध्यबिंदू जिथे होता तिथे दुकानाच्या फरशीवर लाल ठिपका काढलाय. मी त्या ठिपक्यावर उभी राहून मसुराच्या डाळीचा भाव वाचला.

पुढे वरच्या मजल्यावर एक सामना बघायला मिळाला, काचेला लागून दुसऱ्या रांगेत. टीव्हीवर हा खेळ गुळगुळीत वाटतो. जवळून पाहिला तर आवाजच आवाज. स्केटचं पातं वळताना बर्फ खरवडल्याचा, खोबरं खवल्यासारखा. दोघी धडकून कडेच्या फळीवर आदळल्या की अख्खी काच थरथरते. ती रबरी चकती गोठवून आणतात, म्हणजे उसळत नाही. एकदा ती आमच्यासमोरच्या काचेवर अशी आपटली की मी डोक्यावर हात घेऊन खाली वाकले. नात म्हणाली, ‘आजी, काच आहे.’ काच होती, पण एकसष्ट वर्षांच्या शरीराला ते कोण सांगणार?

मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं आत-बाहेर. एका वेळी पाच जणी आणि गोलरक्षक. पाऊण मिनिट जीव तोडून धावायचं की फळीवरून उडी मारून बाहेर, ताज्या पाच आत. आणि खेळ थांबत नाही हो! चकती चालूच. आपल्याकडे पळतीच्या मुली तिघी-तिघींच्या तुकडीनं आत उतरतात, शेवटची बाद झाली की पुढची तुकडी घुसलीच पाहिजे, तोच प्रकार. मी नातीला खो-खोच्या पाट्या काढून दाखवल्या, जेवणाच्या टेबलावर, मोहरीचे दाणे मांडून.

१६ फेब्रुवारीला टोरोंटो आणि माँट्रियालचा सामना त्या अडीच हजारी घरात न ठेवता शहरातल्या सर्वांत मोठ्या बर्फाच्या स्टेडियमवर नेला. आम्ही चौघं गेलो, तान्ह्याला घेऊन जावई घरी. प्रेक्षक १९,२८५. आकडा वर पडद्यावर झळकला तेव्हा शेजारची एक बाई रडत होती, माझ्याच वयाची. भाषा जुळली नाही फारशी, पण तिनं हातानं दाखवलं की मी पण खेळायची. मी पण हातानंच दाखवलं. टोरोंटो ३-० जिंकलं. पुढे २० एप्रिलला माँट्रियालला हेच दोन संघ भिडले तेव्हा २१,१०५ लोक आले. महिला आइस हॉकीच्या सामन्याला जगात कुठेही इतकी माणसं त्याआधी आली नव्हती. साखळीचे ७२ सामने धरले तर सुमारे ३ लाख ९२ हजार.

आता हे लोक जानेवारीत आकाशातून पडले का? नाही. ते होतेच, त्यांना दार उघडं मिळत नव्हतं. कॅनडातली आधीची महिला लीग २०१९ला पैशाअभावी बंद पडली. तिथे २०१७पर्यंत मुलींना पगारच नव्हता. मग मिळायला लागला तो वर्षाला दोन ते दहा हजार डॉलर. बंद पडल्यावर दोनशेहून जास्त खेळाडूंनी एकत्र येऊन जाहीर केलं की धड सोयी आणि धड पगार मिळाल्याशिवाय आम्ही अमेरिका-कॅनडातल्या कुठल्याही लीगमध्ये खेळणार नाही. ऑलिंपिकची सोनेरी पदकं घेतलेल्या मुली होत्या त्यात. चार वर्षं त्या प्रदर्शनी सामने खेळत राहिल्या. शेवटी बेसबॉलच्या एका बड्या संघाचे मालक मार्क वॉल्टर यांनी पैसा घातला, टेनिसच्या बिली जीन किंग सोबत आल्या. आधी करार झाला, मग संघ निवडले. २०३१पर्यंतचा करार, किमान पगार ३५ हजार डॉलर, संघातल्या निदान सहा जणींना ८० हजार, बाळंतपणाच्या रजेची तरतूद. आपल्याला हा आकडा मोठा दिसतो, पण टोरोंटोत एका बेडरूमच्या घराला महिन्याला दोन हजारांवर भाडं पडतं. श्रीमंत कुणी झालं नाही. एक वाईट गोष्टही सांगते, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. दुसरी एक लीग तेव्हा चालू होती, ती विकत घेऊन बंद केली आणि तिच्यातल्या मुलींचे करार रद्द झाले. सहा संघांत सगळ्या कशा मावणार?

एवढं सगळं केलं आणि संघांना नावं ठेवायचीच राहिली! अख्खा हंगाम अंगरख्यावर नुसतं शहराचं नाव तिरकं लिहून खेळल्या. मूल रांगायला लागलं तरी बारसं नाही. नातीला याचा फार राग. मला वाटलं, बरं आहे, आधी खेळा.

या हंगामात दोन आया मी जवळून पाहिल्या, म्हणजे टीव्हीवर. टोरोंटोची नॅटली स्पूनर. डिसेंबर २०२२मध्ये बाळंत झाली आणि इथे २४ सामन्यांत २० गोल करून लीगमध्ये पहिली आली. मिनेसोटाची कर्णधार केंडल कॉइन स्कोफील्डचं बाळ तर हंगामाच्या आधीच्या उन्हाळ्यातलं. माझ्या संघात एक मुलगी होती. खांबाला वळसा घालून सूर मारायची तेव्हा पंचसुद्धा शिट्टी वाजवायची विसरत. बाविसाव्या वर्षी लग्न झालं. पुढच्या जिल्हा निवडीला आली ती कडेवर पोर घेऊन, बघायला. ‘खेळतेस का?’ असं तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. आता स्पूनरचा गोल झाला की मला तीच आठवायची.

टोरोंटोचं पुढे जे झालं ते मात्र स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. या लीगचा नियम असा की साखळीत पहिला आलेला संघ उपांत्य फेरीचा प्रतिस्पर्धी स्वतः निवडतो, तिसरा किंवा चौथा. मिनेसोटा शेवटचे पाचही सामने हरून चौथी आली होती, तीही टोरोंटोनं शेवटच्या सामन्यात ओटावाला हरवलं म्हणून. टोरोंटोनं मिनेसोटालाच बोलावलं. पहिले दोन सामने जिंकलेही. तिसऱ्यात स्पूनर जखमी झाली आणि उरलेल्या तीन सामन्यांत मिळून टोरोंटोचा गोल एक! १७ मेला घरच्या मैदानावर हंगाम संपला. आमच्याकडे त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही.

अंतिम फेरीचा चौथा सामना सगळ्यात जीवघेणा. मी कराडला परत आले होते. गोल नाही, गोल नाही, दुसरी जादा वेळ. मिनेसोटानं गोल केला, हेल्मेटं-हातमोजे उधळले, एकमेकींवर ढीग. आणि पंचांनी पडदा पाहून गोल रद्द केला, गोलरक्षकाला अडथळा म्हणून. बर्फावर विखुरलेलं सामान गोळा करून त्या परत उभ्या राहिल्या आणि लगेच बोस्टनच्या अलिना म्युलरनं गोल मारला. घरच्या लोकांपुढे करंडक हातात येऊन निसटला. तीन दिवसांनी परक्या मैदानावर तो त्यांनी घेतला. शेवटचा गोल त्या कर्णधार आईचा.

संपादक महोदय, आमच्या भागात हंगाम म्हणजे काय हे कुणाला समजवावं लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो, ऊसतोडीच्या टोळ्या येतात, पट्टा पडेपर्यंत गावाचं घड्याळ त्यावर चालतं. मुलींच्या खेळाला आपल्याकडे हंगाम नसतो, स्पर्धा असते. तीन दिवसांची. मंडप, पाहुणे, भाषणं, शेवटच्या दिवशी दिव्याच्या उजेडात घाईघाईनं बक्षिसं, आणि पुढच्या वर्षीपर्यंत सामसूम. नातीनं जानेवारी ते मे तोच संघ पाहिला. कोण जायबंदी आहे, कोणाचा फॉर्म गेलाय, हे तिला पाढ्यांसारखं पाठ. अशी सवय तीन दिवसांत लागत नाही.

२०१६ला महिला कबड्डीची ‘चॅलेंज’ नावाची एक स्पर्धा झाली होती. तीन संघ. अभिलाषा म्हात्रेच्या संघाचं नावच ‘आइस दिवाज’ होतं, बर्फाचा काही संबंध नसताना. ३१ जुलैला हैदराबादला अंतिम सामना झाला आणि ती पुन्हा भरलीच नाही. खो-खोची लीग २०२२ला सुरू झाली, आमच्या बालेवाडीत, सहाच संघांची. सगळे पुरुष. राष्ट्रीय स्पर्धांत महाराष्ट्राच्या मुली वर्षानुवर्षं काय करतात हे आपल्या जुन्या अंकांत आहेच. क्रिकेटचं बरं चाललंय, आमच्या सांगलीच्या स्मृतीच्या संघानं मार्चमध्ये करंडक घेतला तेव्हा आपण पहिल्या पानावर फोटो छापलात, मी कापून ठेवलाय. पण तिथेही २०२४चे सगळे सामने बेंगळुरू आणि दिल्लीत उरकले. मुंबईच्या नावानं खेळणाऱ्या मुली मुंबईत एकदाही उतरल्या नाहीत.

खो-खोच्या लीगमध्ये मुलींचे सहा संघ का नाहीत, हा प्रश्न आपल्या प्रतिनिधीनं एकदा संबंधितांना विचारावा. ‘प्रेक्षक नाहीत’ हे उत्तर येईल, तेव्हा वरचे आकडे त्यांना वाचून दाखवावेत. आणि पुढच्या हिवाळ्यात या लीगचं नवं पर्व सुरू झालं की निकाल तरी छापावेत. राशिभविष्याखाली दोन बोटं जागा रोज रिकामी असते, मी मोजली आहे.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, कराड

ता. क. पत्र छापलंत तर सोबत मेजर ध्यानचंद यांचा फोटो टाकू नये. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर आहे, पण नात विचारेल, यांचे स्केट कुठे गेले.